दोर्जे ऊर्फ दुर्गाजी: एका स्वयंपाक्याच्या पासपोर्टची गोष्ट

१२ डिसेंबर २०१८ ला पोस्टमननं सही घेऊन पाकीट हातात दिलं. आत माझा भारतीय पासपोर्ट. वय बत्तीस, त्यातली चौदा वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये गेली. तेव्हापासून आमच्या तिबेटी कॅम्पातून फोन चालू आहेत, ‘आचोला (दादा), तू कसं केलंस? सुरुवात कुठून करायची?’ चार जणांना अर्धा-अर्धा तास सांगून झालं, म्हटलं आता एकदाच लिहून काढू. मराठीत लिहितोय, कारण अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भांडणं, विनवण्या हे सगळं मराठीतच झालं. शिवाय तिबेटी लिहिताना माझा हात अजून अडखळतो. आमच्या शाळेतल्या गेनलांना, म्हणजे गुरुजींना, हे सांगू नका.

कॅम्प म्हणजे नोर्ग्येलिंग, तिबेटी निर्वासितांची वसाहत. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ. १९७२ साली ही वसाहत झाली तेव्हा जिल्हा भंडारा होता, गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये. त्यामुळे एकाच घरातल्या माणसांच्या कागदांवर दोन वेगळे जिल्हे असतात. हे ध्यानात ठेवा, पासपोर्ट कार्यालयाच्या खिडकीवर यावर प्रश्न येतो.

माझे पाला, म्हणजे वडील, नाव दोर्जे, तिबेटातून निघाले तेव्हा पाच वर्षांचे होते. १९५९ नंतर जी माणसं हिमालय ओलांडून आली त्यांच्यातलेच, आजीच्या पाठीवर बसून. पहिली वर्षं आजी-आजोबांनी हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तिथून थेट झाडीपट्टी. मोमोला सांगायची की पहिल्या उन्हाळ्यात लोक अंगावर ओलं गोणपाट टाकून दुपार काढत. मोमोला म्हणजे आजी. खायचा मोमो वेगळा, त्याचा सूर वेगळा. पुढे नागपूरच्या किचनमध्ये मी ही गंमत सांगायची चूक केली. सहा महिने ‘दोन प्लेट आजी’ अशी ऑर्डर यायची.

शेती भाताची आणि मक्याची, पण हातात पैसा यायचा तो स्वेटरचा. दिवाळीच्या आसपास लुधियानाहून माल उधारीवर उचलायचा, विदर्भातल्या एखाद्या शहरात फुटपाथवर मांडायचा, जानेवारी संपला की उधारी फेडून घरी. मी तान्हा असताना स्वेटरच्या रिकाम्या खोक्यात झोपायचो ही गोष्ट घरात शंभरदा ऐकली होती. तिचा अर्थ नीट लागायला मला एकतीस वर्षं लागली.

सोळा पूर्ण झाली की आमच्याकडे आरसी, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, काढतात. परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी. माझी २००२ साली झाली. राष्ट्रीयत्व तिबेटी, जन्मस्थळ गोठणगाव. फॉर्म भरणाऱ्यानं त्या दिवशी आम्हा सगळ्या पोरांचं जन्मस्थळ एकच लिहिलं होतं आणि कोणी हरकत घेतली नाही. आरसी आधी दरवर्षी, पुढे पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलं की नोंद तिकडे न्यायची.

अर्जुनीच्या कॉलेजात बारावी केली. स्वेटरच्या धंद्यात रेडिमेडवाले घुसले होते, घरात दोन हंगामांची उधारी थकलेली. जून २००४ मध्ये नागपूरच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलो. पगार अठराशे, दोन वेळचं जेवण आणि गच्चीवर झोपायला जागा. भांडी घासणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. मला ‘नेपाली’ म्हणायचे. महिनाभर दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

आठ महिन्यांनी चायनीज सेक्शनमधला पोरगा न सांगता गावी निघून गेला आणि मॅनेजरनं माझ्याकडे बोट दाखवलं, ‘याला लावा, याला येत असेल.’ का येत असेल? डोळ्यांवरून! मी तोवर मंचुरियन चाखलंही नव्हतं. आमच्या घरी थुक्पा (नूडल्सचं सूप), तिंगमो (वाफवलेला पाव) आणि बोडीतले, म्हणजे तळ्यातले, मासे नि भात. ज्या देशापायी आजीला घर सोडून पळावं लागलं त्याच्या नावाच्या सेक्शनला मी उभा राहिलो, हे घरी सांगायला दोन वर्षं लागली. पाला हसले आणि म्हणाले, ‘पगार किती वाढला?’

खरं शिकलो ते हंडीवर. २००७ मध्ये दुसऱ्या हॉटेलात गेलो. तिथे सावजी रस्सा करणारे वस्ताद होते, हलबा कोष्टी घरातले. घरी माग बंद पडला तसे ते कढईकडे आले होते. त्यांनी मला मसाल्याला हात लावू दिला दीड वर्षानं. तोवर फक्त बघायचं. लोखंडी कढईत एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. धने, मग सुकं खोबरं, मग खसखस, तिच्यावर नजर ठेवायची कारण ती क्षणात करपते. दगडफूल अगदी शेवटी, आच बंद करून, तापल्या लोखंडावर फिरवायचं. ते कुरकुरीत होतं आणि चुरलं की चिमटीत राख घेतल्यासारखं लागतं. खोबरं झालं का हे बघायला वस्ताद चमचा वापरू देत नसत. काप कढईतून बोटांनी उचलायचा आणि मोडायचा. कट्‌कन मोडला तर झालं. ‘काहून बे, बोटं भाजते का? मंग मसाला कसा भाजन?’ वर्षभरात माझ्या दोन्ही हातांच्या पहिल्या तीन बोटांची शेंडं गुळगुळीत झाली. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

मधली वर्षं भराभर सांगतो, त्यात विशेष काही नाही. किचनमधल्या कॉमी (शिकाऊ कूक) श्रेणीत तीनवरून एकवर आलो, मग सेक्शन हातात आलं, लग्न ठरलं आणि मोडलं. २०१३ मध्ये आयसी, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट, काढलं. हे आमचं पिवळं पुस्तक, प्रवासासाठी सरकार देतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये मस्कतच्या एका हॉटेलात कॉन्टिनेन्टल नव्हे, भारतीय किचनला माणूस हवा होता. चाचणीत मी सावजी मटण आणि आमालाच्या, म्हणजे आईच्या, पद्धतीचं सेपेन, म्हणजे मिरचीचा ठेचाच म्हणा, असं दोन्ही केलं. निवड झाली. एजंटानं पिवळं पुस्तक उलटंपालटं केलं, आत बघितलं, परत दिलं. ‘पासपोर्ट नाही का?’

आता कायदा थोडक्यात, कारण फोनवर सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानं भारतीय, आईवडील कुठलेही असोत. आमच्या लोकांना हे लागू आहे की नाही यावर कोर्टकज्जे झाले. दिल्ली उच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २०१६ ला पुन्हा स्पष्ट सांगितलं की लागू आहे, आणि मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्ट कार्यालयांना तसं कळवलं. मी जानेवारी १९८६ चा. माझी बहीण १९८९ ची. एकाच आईची, एकाच घरातली, पण ती परदेशी आणि मी भारतीय. हे मी तिला मोठ्या उत्साहात फोनवर सांगितलं. ती पलीकडे गप्प झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलो.

एप्रिल २०१७ मध्ये ऑनलाइन अर्ज भरला. छत्तीस पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये. अठरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. खिडकीवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, भारतात जन्मल्याचा पुरावा लागेल, जन्माचा दाखला आणा. आरसीवर लिहिलंय ना, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘ते तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलंय.’ बरोबरच होतं त्यांचं.

गावी जाऊन ग्रामपंचायतीत १९८६ चं दप्तर काढायला लावलं. नाव नाही. पुढचं-मागचं वर्ष बघितलं, तिथेही नाही. ग्रामसेवकानं ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला लिहून दिला. तो घेऊन घरी आलो आणि चडफडत आमालासमोर टाकला. ती मक्याचे दाणे काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तिथे कसं सापडणार? तू इथे कुठे जन्मलास?’

स्वेटरच्या हंगामात जन्मलो होतो. विदर्भातल्या एका शहरात, सरकारी दवाखान्यात, १३ जानेवारीला. तारीख तिला पक्की ठाऊक, कारण दुसऱ्या दिवशी वॉर्डातली एक बाई सगळ्यांना तिळगूळ वाटत होती आणि हे काय वाटतायत ते आमालाला कळेना. चौथ्या दिवशी ती मला घेऊन स्टॉलवर. खोकं तिथलं. एवढी वर्षं सांगितलं का नाही, तर म्हणाली, ‘तू विचारलंस का?’

तेव्हा पहिली सूचना हीच: कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी आईजवळ तासभर बसा.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक तिथे जुन्या कोणाची तरी आहे आणि आजच्या माणसांनी मला मदतच केली. जुलै २०१७ मध्ये पहिल्यांदा गेलो. शोधफी भरली. जुनी रजिस्टरं दुसऱ्या इमारतीत होती, किल्लीवाला रजेवर. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा पावसानं वरची खोली गळत होती. तिसऱ्या खेपेला, सप्टेंबरात, एका वयस्क कारकुनानं जाड रजिस्टर टेबलावर आणून ठेवलं आणि आम्ही दोघं बोट फिरवत बसलो. दोर्जे कुठेच नव्हता. त्यांनी विचारलं, आईचं नाव? पेमा. ते एका ओळीवर थांबले.

मुलगा. १३ जानेवारी. आईचे नाव: प्रेमा. वडिलांचे नाव: दुर्गाजी. पत्ता: स्वेटर बाजार. धर्म: बौद्ध. बाळाच्या नावाचा रकाना कोरा.

१९८६ च्या कारकुनानं कानावर पडलं ते आपल्या ओळखीच्या नावांत बसवलं होतं. धर्माच्या रकान्यात मात्र विदर्भातल्या कारकुनाला काही अडचण आली नसावी. मी त्या ओळीकडे बघून हसत सुटलो, समोरचे काका घाबरले. मग त्यांनाही कळलं आणि त्यांनी चहा मागवला.

पण मधल्या काळात दुसरीकडे अडलं होतं. जून २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या अटी आल्या. पासपोर्ट हवा तर आरसी आणि आयसी परत करा, वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाचे लाभ आणि आरसीमुळे मिळणाऱ्या सवलती घेत नाही असं लिहून द्या. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तिथेच अर्ज सोडला. एकाची म्हातारी आई कॅम्पात एकटी होती, त्यानं काय करायचं? मी तेरा वर्षं नागपुरात राहत होतो, मला ते सोपं जायला हवं होतं. तरी जन्माची नोंद शोधण्यापलीकडे, या अटींचं तीन महिने मी काही केलं नाही. मस्कतची जागा त्यातच गेली.

दिवाळीनंतर कामाला लागलो. कोऱ्या रकान्यात नाव घालायचं होतं. साधारणपणे त्याला नोंदणीपासून पंधरा वर्षांची मर्यादा, पण जुन्या नोंदींसाठी सरकारनं तेव्हा मुदत वाढवलेली होती. त्याला शाळा सोडल्याचा दाखला, पालकांची ओळखपत्रं आणि अर्ज लागला. त्याआधी दोन प्रतिज्ञापत्रं: दोर्जे आणि दुर्गाजी ही एकच व्यक्ती, पेमा आणि प्रेमा ही एकच व्यक्ती. नोटरीसह दोन्हींचे ७०० रुपये. पालांना सही करायला तालुक्याला आणलं. नोटरीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘मी दोर्जे ऊर्फ दुर्गाजी...’ पालांनी सही केली, बाहेर आले आणि दिवसभर बहिणीला सांगत होते, मला आता दुर्गाजी म्हणा.

दाखला हातात आला फेब्रुवारी २०१८ मध्ये. एकच सांगतो, मूळ प्रत एक घेऊ नका. तिथेच जास्तीची फी भरून चार घ्या. मी एक घेतली आणि तीनशे किलोमीटरची आणखी एक फेरी झाली.

मग घर. नागपुरात आतापर्यंत मी हॉटेलच्या स्टाफ क्वार्टरमध्ये होतो, त्यावर पत्त्याचा पुरावा होत नाही. भाड्यानं खोली बघायला गेलो की चेहरा बघून पहिला प्रश्न ‘कुठले?’ गोंदिया म्हटलं की हसायचे. खरं सांगितलं की परदेशी माणूस ठेवला तर पोलिसांना कळवावं लागतं म्हणून नकार. पासपोर्ट घर नाही म्हणून अडलेला, आणि घर पासपोर्ट नाही म्हणून. सातव्या ठिकाणी एका निवृत्त मास्तरीणबाईंनी होकार दिला, अट एकच, घरात मटण शिजवायचं नाही. सावजीवाल्याला ही अट! अकरा महिन्यांचा करार, दलालीसकट साडेतीन हजार.

एप्रिलमध्ये कॅम्पात जाऊन घराच्या यादीतून माझं नाव काढून घेतलं. वसाहत कार्यालयानं पत्र त्याच दिवशी दिलं, लोणी घातलेला चहाही दिला. संध्याकाळी पाला म्हणाले, ‘तुझ्या खोलीत मका भरू का? पावसात बाहेर भिजतो.’ मी म्हटलं, भरा.

आरसी परत करायला मे महिन्यात पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारांनी सोळा वर्षांच्या नोकरीत वाढवून दिलेल्या आरसी पाहिल्या होत्या, परत करणारा कोणी पाहिला नव्हता. त्यांनी वर पत्र पाठवलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं आणि माझ्याकडून आरसी नि पिवळं पुस्तक दोन्ही घेतलं, पोच दिली. त्या पोचेच्या मी आठ झेरॉक्स काढल्या आणि एक कायम पाकिटात ठेवली. आधार कार्ड होतं, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. जुलै ते डिसेंबर मी कागदावर कोणीच नव्हतो. हे पाच महिने सगळ्यांत वाईट. रात्री ड्यूटी सुटल्यावर गस्तीची गाडी दिसली की मी उगाच रस्ता बदलायचो. आधी कधी असं केलं नव्हतं.

पहिला अर्ज तोवर बंद झाला होता, पुन्हा भरला, पुन्हा १,५०० रुपये. २० ऑगस्टची वेळ मिळाली. कागदपत्रांची चळत या वेळी बरोबर होती. जन्मस्थळ आरसीपेक्षा वेगळं का, याचं खुलासापत्र मी आधीच लिहून नेलं होतं, तुम्हीही न्या. पुढे बोटांचे ठसे. डावा हात ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवा, लाल. उजवा, लाल. मुलीनं ओला कागद दिला, बोटं पुसली, दाबून ठेवली, हलकी ठेवली. मागे रांग वाढत होती. शेवटी ती म्हणाली, ‘सर, तुम्ही काम काय करता?’

मी खोबरं भाजतो, असं सांगितलं.

करंगळ्या आणि अनामिका उमटल्या. बाकीच्यांसाठी पंधरा मिनिटं लागली, तिनं एकेक बोट स्वतः धरून काचेवर टेकवलं आणि कसेबसे घेतले. किचनमध्ये काम करत असाल तर आठवडाभर आधीपासून भट्टीपासून लांब राहा आणि रात्री बोटांना खोबरेल चोळा. चुना, ब्लीच, लिंबू यांना हात लावू नका. हे कुठल्याही सूचनांच्या यादीत लिहिलेलं नसतं.

पोलीस पडताळणीला सप्टेंबरात एक जण घरी आले. मास्तरीणबाईंनी त्यांना माझ्याबद्दल वीस मिनिटं सांगितलं, त्यातलं निम्मं मला नवीन होतं. मग नुसतं थांबणं. स्थिती बघायचं पान मी दिवसातून तीनदा उघडायचो. त्यानं काही होत नाही, पण सवय लागते.

खर्च सगळा मिळून १९,००० च्या आसपास आला, त्यात निम्म्याहून जास्त प्रवास आणि बुडालेली रोजी. एकूण वीस महिने. मध्ये एकानं वीस हजारांत ‘सगळं करून देतो’ म्हटलं होतं. आकडा बघितला तर जवळजवळ तेवढेच गेले, पण त्याच्याकडे प्रेमा आणि दुर्गाजी सापडले नसते.

आरसी देण्याआधी तिच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा. बँक, पीएफ, मोबाइल सगळीकडे जुना नंबर असतो आणि बदलताना तो मागतात. माझं बँकेचं काम याच झेरॉक्सवर झालं. दोहाची एक जागा आली आहे, मार्चमध्ये जायचं ठरतंय. सेपेनच्या दोन बरण्या आमालानं आत्ताच भरून ठेवल्या आहेत, तेलात बुडवून, वर कापड बांधून.

बहिणीची आरसी फेब्रुवारीत संपते. गोंदियाला तिला मीच घेऊन जाणार, लोकलपेक्षा मोटरसायकल बरी पडते. मागच्या वेळी आम्ही दोघं एकाच बाकावर बसून आपापले फॉर्म भरले होते, पेन एकच होतं. या वेळी पेन तिच्याकडे राहील.